वशिंडाचा डायनासोर

आण्णा, परवा पोळा झाला. इथं शहरात कच्च्या मातीचे बैल हातगाडीवर विकायला येतात. एक जोडी घेऊन मी वर आले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला मला तुमचं एखादं वाक्य धरावं लागतं. मी नेहमी एकच धरते, "आधी पानी."

त्या दुष्काळात सोलापूरच्या आमच्या हॉस्टेलची विहीर आटली आणि सिस्टरांनी मुलींना आपापल्या घरी पाठवलं. आपल्या गावी, बेंबळीत, तर त्याहून कमी पाणी होतं, पण घर होतं. निघताना एका म्हाताऱ्या सिस्टरनं मला पत्र्याचा डबा दिला. तिच्या भावानं लहानपणी रचलेला खेळ होता त्यात. बोटाएवढी शिशाची माणसं, एक बंदूकवाला शिकारी, एक चष्मेवाले प्रोफेसर, एक विमान चालवणारी बाई. टेबलावर जंगलाचं बेट मांडायचं आणि फासा टाकत त्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचं. वाटेत डायनासोर. ते मात्र डब्यातून कधीच हरवले होते.

"कसली जनावरं म्हन्तीस?" तुम्ही विचारलंत. मी कॉन्व्हेंटच्या तोऱ्यात सांगितलं, घराएवढी, लांब मानेची, माणूस जन्मायच्याही आधी मेलेली. "समदी? कशानं?" नक्की कुणाला माहीत नाही, म्हटलं. "चारापानी नसंल," तुम्ही म्हणालात, आणि आटलेल्या तळ्यातली काळी माती घेऊन आलात. पण हात पोळ्याचे बैल करणारे. मान लांब झाली, शेपटी लांब झाली, आणि पाठीवर आपोआप वशिंड आलं. आई म्हणाली, "ह्या म्हशीला दूध किती निघतंय ते बी इचार तुज्या सिस्टरला."

टेबल कुठलं आपल्याकडं? ओसरीवर पाट मांडला, बाभळीच्या डहाळ्यांचं जंगल, डब्याचं झाकण म्हणजे तळं. माणसं माझी, डायनासोर तुमचे. आणि तुम्ही दर पाळीला त्यांना झाकणाकडं हाकता! मी रडकुंडीला येते. "आण्णा, त्यांनी माणसं खायची असतात!" तुम्ही हसता. "तहानल्यालं जनावर मान्साकडं बघतंय व्हय? आधी पानी. मग बघू तुज्या मास्तराला."

आपली बैलजोडी तेव्हा दुष्काळी चारा-छावणीत होती. तुम्ही साखर कारखान्याचे सभासद म्हणून उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा चारा, मिळायचं, ते सायकलला बांधून रोज पहाटे निघायचात. दुपारी परत आलात की मी डाव मांडून बसलेली असे. मला वाटायचं, तुम्हालाही खेळाची ओढ लागली आहे. छावणीतलं तुम्ही काही सांगत नव्हतात आणि मी विचारत नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही फार उशिरा आलात. चहा घेतला नाहीत, तसेच पाटाशी बसलात. माझ्या शिकाऱ्यानं नेम धरला आणि फाशावर सहा पडले. सहा म्हणजे जनावर मेलं. मी लांब मानेवाल्याला आडवा केला. तुम्ही त्याला उभा केलात.

"आण्णा, सहा पडलेत. नियम आहे."

"दम धर. उठतंय."

"मेलंय ते!"

"उठतंय म्हन्लं ना. पोटाखाली टेका दिला की उठतंय."

तुमचा पंजा त्याच्या पोटाखाली तसाच राहिला. मला वाटलं, तुम्ही रडी खाताय. आई चुलीपासून उठून आली आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अवो, सोडा त्येला आता." मग माझ्याकडं वळून, हळू, "डावा गेला गं आपला." जुवाच्या डाव्या अंगाला चालणारा बैल, मला पाठीवर बसू देणारा. सकाळपासून छावणीतल्या चार माणसांसोबत तुम्ही त्याला टेका देऊन उठवत होतात, हे आईनं नंतर सांगितलं. तुम्ही स्वतः कधीच सांगितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवापुढं तुम्ही मातीचा एकच बैल ठेवलात. त्याच्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून, तो लांब मानेचा. दोघांना हळदकुंकू वाहिलंत, दोघांपुढं मिलोची, रेशनवरच्या लाल ज्वारीची, भाकरी ठेवलीत, त्या साली पुरण कुठलं! हा बैल नाही, असं मी तेव्हा म्हणाले नाही. विसर्जनाला विहिरीत पाणी नव्हतं, म्हणून तो लांब मानेचा भिंतीतल्या देवळीत राहिला. तुम्ही गेलात त्या पावसाळ्यात देवळीत ओल आली आणि त्याची माती झाली.

हे पत्र टाकणार कुठं? घडी घालून त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवते. परवा आणलेल्या जोडीतला डावा मी पाण्यात भिजवला आणि त्या मातीचा लांब मानेचा डायनासोर घडवला, दरवर्षी घडवते. सुनेला सांगते, नातवासाठी करतेय. नातू कॉलेजात जातो, आण्णा. आणि वशिंड मला अजूनही तुमच्यासारखं जमत नाही.