व्याह्याच्या हातचं पाणी

बाबा, आज सकाळी पेपर वाचता वाचता मी एकटीच हसले, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. बातमी अमेरिकेतली होती. तिथल्या मोठ्या सभागृहात न्यायाधीशाच्या नेमणुकीवरून जुंपली आहे. एका पार्टीला नाव पसंत नाही, म्हणून तिची माणसं उभी राहतात आणि बोलतच राहतात, म्हणजे मतदानच होऊ नये. दुसरी पार्टी म्हणते, बोलणं तोडायचा नियम करा. मागच्या खेपेला म्हणे हीच माणसं एकमेकांच्या जागेवर बसून नेमकं उलटं बोलत होती. एवढी लांब अमेरिका, आणि मला आठवली आपल्या गावची म्युनिसिपल कमिटी.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. गावच्या ऑनररी मॅजिस्ट्रेटसाठी कमिटीने नाव सुचवायचं आणि अमरावतीच्या डिप्टी कमिशनर साहेबांनी नेमणूक करायची, अशी आपल्याकडची रीत. पगार नव्हता त्या खुर्चीला, पण बांधाचं, बैलाचं, बाजारातल्या मारामारीचं भांडण तिच्यापुढे जायचं, म्हणून कमिटीतल्या दोन्ही पार्ट्यांचा तिच्यावर डोळा. कमिटीचा रिवाजही न्यारा होता. उभ्या माणसाला कुणी खाली बसवायचं नाही. तो आपण होऊन बसला, किंवा पाणी प्याला, की त्याचं बोलणं संपलं. आणि दिवाबत्तीवाला दारातला कंदील लावायला आला की सभाच संपली, राहिलेला ठराव बारगळला. आपली पार्टी थोडक्या माणसांची होती तेव्हा तुम्ही हाच रिवाज धरून पलीकडच्यांचं नाव पाडलं होतं. गालात लवंग धरून उभे राहिलात आणि नालीपासून सुरुवात करून बाजारात शिरलात, तिथून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरच्या पट्टीवर आलात, मग आपल्या मळ्यातल्या वांग्यांवर. वांग्यांवर तुम्ही घरीही असंच बोलायचात, आईला विचारा. कंदील लागला आणि तुम्ही घरी येऊन तांब्याभर पाणी घटाघटा प्यालात. ओट्यावर माणसं जमली होती. "बाप्पा, काय बोलले तुमी!" असं जो तो म्हणत होता, आणि तुम्ही मिशीला हात लावून लाजत होतात. आवडायचं तुम्हाला बोलणं, उगाच नाही म्हणू नका.

पुढच्या निवडणुकीत आपली पार्टी वर आली. खुर्ची पुन्हा रिकामी झाली होती आणि आता नाव तुमच्या दोस्ताचं होतं. त्यांच्याच मुलाशी माझी सोयरीक ठरली होती. सुपारी फुटली होती, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढं व्हायचं होतं. मला कुणी काही विचारलं नव्हतं, तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. पलीकडचे म्हातारे वकील उभे राहणार आणि कंदील लागेपर्यंत बोलणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून आपल्याच माणसांनी आधी वेगळा ठराव आणला, की बोलणाऱ्याला खाली बसवायचा हक्क अध्यक्षांना असावा. अमरावतीला नाव पाठवायची ती शेवटचीच सभा होती. आणि त्या ठरावाविरुद्ध उभे राहिलात तुम्ही.

आमची मुलींची शाळा कमिटीच्या भिंतीला लागूनच होती. शाळा सुटली तरी मी व्हरांड्यातल्या खिडकीशी थांबले. तुम्ही बोलता आहात, गालात लवंग आहे, पण आज नाली नाही की वांगी नाहीत. "ज्या रिवाजानं आपल्याले तारलं, तो आता त्याहीच्या कामी येते म्हणून मोडाचा काय? उद्या आपण पुन्हा थोडे झालो तर कोणत्या तोंडानं बोलाचं?" आपल्याच बाकांवरून आरडाओरड चालली आहे. "बसा ना भाऊ! घरचंच नाव हाये, कावून आडवे येऊन राहिले?" तुम्ही बसत नाही. घसा बसला आहे, शब्द फाटून बाहेर येतो आहे.

तेव्हा तुमचे दोस्त उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पेला भरला आणि तुमच्यासमोर धरला. "घ्या इवाई, पानी घ्या. घसा सुकला तुमचा." बाकांवरची माणसं माना उंचावून बघायला लागली. ठरल्या सोयरिकीत व्याह्याच्या हातचं पाणी नाकारलं की सोयरीक मोडली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तो माणूस वाईट नव्हता, बाबा. डाव होताच, पण तुमच्या घशाची दयाही त्याला खरंच आली असावी. तुम्ही पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दोन्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "दोस्ता, माफ कर मले." आणि पुन्हा बोलायला लागलात. कंदील लागला तेव्हा ते पेला तसाच भरलेला ठेवून निघून गेले होते.

खुर्ची शेवटी साहेबांनी आपल्या मनाने एका पेन्शनर तहसीलदाराला दिली. दोन्ही पार्ट्या हात चोळत बसल्या. आईने चुलीपुढून तुम्हाला सुनावलं, "पोरीचं नशीब फोडलं तुमच्या बोलन्यानं!" तुम्ही भाकरी न खाता उठलात. पार्टीनेही तुम्हाला वाळीत टाकल्यासारखं केलं, पुढच्या निवडणुकीत उभंसुद्धा केलं नाही. मी शाळा पुरी केली, नंतर अकोल्याच्या मास्तरांशी माझं लग्न झालं. तुम्ही मळ्यातली भाजी घेऊन अकोल्याला यायचात आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचात, "सुखात हायेस ना, बाई?" मी म्हणायची, "हो, बाबा." जावयांनी पाणी पुढे केलं की लगेच घ्यायचात, तहान असो नसो. त्या दिवसानंतर तुम्ही कुणाचंच पाणी परत केलं नाही, हे यांनीसुद्धा ओळखलं होतं.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुई सोयरीक म्या मोडली. रिवाज राखला अन् पोरीले विसरलो." मी म्हटलं, "जाऊ द्या, बाबा." तुम्ही डोळे मिटलेत. मी माफ केलं असंच तुम्हाला वाटलं असणार.

पण माफ करायला काही नव्हतंच. मोडल्या सोयरिकीचा आनंद झाला, हे मुलीने कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि पुढे इतकी वर्षं गेली, की ते सांगणंच विचित्र वाटायला लागलं. हे पत्र धाडायला पत्ता नाही, तेच बरं. समोर असतात तर आजही माझ्याने बोलवलं नसतं. त्या रिवाजाचं मला तेव्हा काही कळत नव्हतं, बाबा. मला त्या घरी जायचं नव्हतं, शाळेत जायचं होतं. पेला तुमच्यासमोर आला तेव्हा मी खिडकीचे गज घट्ट धरून मनातल्या मनात एकच म्हणत होते, पिऊ नका, बाबा, पिऊ नका.