रोलरवरचा वण

३ नोव्हेंबर, सोमवार
तांडा सोडून औंढ्याला आले एकदाची! नात निलमनं देवळाच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान टाकलंय, तिथं मला खुर्चीत बसवलंय. गिऱ्हाईक मलाच मालकीण समजतात. मी बी मान डोलावते, आपलं काय जातंय? मला अक्षर येत न्हाई. निलमनं तिचा जुना फोन दिला. अंगठा लावला की उघडतो, मी बोलते, तो लिहितो, तारीख बी आपलीच टाकतो. इतकं गुमान ऐकणारं माणूस मला उभ्या जन्मात भेटलं न्हाई. आमचे मालक तर न्हाईच.

५ नोव्हेंबर
दुकानातलं प्रिंटर माझ्यासारखंच जुनं. कागद ओढत न्हाई, अन् ओढला तर दोन-दोन गिळून ठसका लागल्यागत अडकून बसतंय. निलम सांगते, आत कागद ओढायला रबराचा रोलर हाय, तो झिजून गुळगुळीत झाला, त्याला पकड न्हाई. ती बटण बंद करते, ट्रे काढते, रोलरवर ओलं फडकं फिरवते, गठ्ठा पत्त्यांसारखा फेटून परत ठेवते. घटकाभर चालतंय, मग येरे माझ्या मागल्या. मला ताकीद हाय, आजी, तू हिरवं बटण दाब, आत हात घालायचा न्हाई.

६ नोव्हेंबर
निलम जेवायला गेली अन् सोजराबाई आली. शेजारीच बेल-फुलं विकते, तोंडाची तिखट. तिचा कागद अडकला. म्हणाली, काय मालकीणबाई, खुर्ची गरम करायला ठेवलंय का तुम्हाला? लागलं मला. फडकं सापडंना. नोटा मोजताना लावतो तशी अंगठ्याला थुंकी लावली अन् रोलर चोळला. कागद सर्रकन् आला! निलमला बोलले न्हाई. थुंकी लावली, हे कोणत्या तोंडानं सांगू?

१० नोव्हेंबर
निलम खुशीत हाय. म्हणते, आजी, तुझ्या पायगुणानं मशीन सुधरली. अडकलं की तिची नजर चुकवून मी नवं बोट लावते. एकदा लावलेलं बोट परत चालत न्हाई. पण हरेक कागदाच्या मागं फिकट ठसा उमटून राहिलाय. निलम म्हणते शाईची पावडर सांडत असंल. मी निरखून पाहिलं. ठशात आडवा वण हाय. लहानपणी विळ्यानं माझा अंगठा कापला होता, तो. ट्रे काढून आत बघितलं. रबरावर रेषा उगवल्यात, वणासकट. माझ्या अंगठ्यावर आता वण न्हाई. रेघच न्हाई. गारगोटीवाणी साफ.

१२ नोव्हेंबर
पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. निलमनं दहाही बोटं अंगठा घ्यायच्या मशीनवर ठेवून पाहिली. एकबी धरंना. मशीनच्या मते मी मेले. मी म्हणलं, बरं झालं, चहा पाजून तेरवी उरक. ती हसली, म्हणाली, वयानं झिजतात. फोन बी आता तीच नंबर दाबून उघडून देते. तवाच सांगायचं होतं. पण पायगुण—

१४ नोव्हेंबर
माझी बोटं संपली. मशीन परत अडकली. गर्दी होती, सोजराबाई पुढं होती. म्हणलं, तुझा हात बारीक हाय, थुंकी लाव, चोळ. तिनं हसत हसत लावला अंगठा. मी बघत बसले. माहीत असून.

१७ नोव्हेंबर
रेशन दुकानात सोजराबाईचा अंगठा जुळला न्हाई. परत धाडलं. लेकरं हायत घरी— मला विचारून राहिली, मावशी, तुमचं बी असं झालं का? मी हात पदराखाली घेतले. म्हणलं, न्हाई.

१८ नोव्हेंबर
अडकलंय. फोन मांडीवर चालू हाय, हळूच बोलते. सोजराबाईनं निलमला माझी थुंकीची युक्ती सांगून टाकली. दोघी हसल्या. निलम म्हणाली, तरीच म्हणलं आजीचा पायगुण कसा!
ट्रे काढला तिनं.
माझे हात पदराखालीच हायत. निघत न्हाईत. सोजराबाई इथंच उभी— तिच्या देखत—
अंगठा जिभेला लावला निलमनं.
सांगते. सांगतेच. आधी हात बाहेर—
निलम, बाई, हे बघ, माझे—
कागद सर्रकन् आ—