छातीची दुसरी पट्टी

चि. वीरण्णा,

काल तुझ्या अप्पांनी तार केली, "आईचं हृदय बिघडलंय, लगेच नीघ." तवा ती खरी होती, आता न्हाई.

छातीत मधूनच धस्स व्हायचं, म्हणून लातूरला गेलो. नवा जिल्हा, नवा दवाखाना, ईसीजीचं मशीन बी नवं. डॉक्टरीण म्हणली, "आजी, गळ्यातलं काढून ठेवा." इष्टलिंग अंगावेगळं करायला मी काय येडी हाय? पूजेला धरते तसं डाव्या तळहातावर धरलं अन् पट्टी निघेपर्यंत हात उचलून ठेवला. रेघ नुसती थरथरली. "हृदयाचे वरचे कप्पे थरथरतायत," ती म्हणली, अन् अप्पा तार करायला पळाले.

मग तिनं कागद पुन्हा पाहिला. उजव्या हातापासून पायापर्यंतची, डावा हात नसलेली रेघ मात्र साफ होती. बारकी टेकडी, उंच सुळका, परत टेकडी, सारख्या अंतरानं. "आजी, हृदय नाही, तुमचा हात थरथरत होता!" लिंग पदरानं गळ्याशी बांधलं, हात खाली टेकवले, दुसरी पट्टी काढली. एखादा ठोका घाईनं येतो अन् मग जरा थांबतो, तेवढंच. चहा कमी करायचा. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

"दुष्काळात पोरांना घेऊन कशाला यायचं?" म्हणत तू दोन वर्षं आला न्हाईस. आज तुझी उलट तार आली, उद्या सगळे येताय. टँकरचं पाणी भरून ठेवलंय, शेंगापोळ्या केल्यात.

हे पत्र उशीखाली ठेवते. पोरं घरात शिरेपर्यंत मी आजारीच हाय.

तुझी ठणठणीत आई,
गुरम्मा