स्थितप्रज्ञ आणि बॅटवाला

१२ मे, पहाटे
श्रीगजाननाची कृपादृष्टी या लेखणीवर राहो. शारदेने शब्दांना संयम द्यावा.
आता विषय. माझी दहा वर्षांची नात कस्तुरी हिने रोल मॉडेल म्हणून एक बेसबॉलपटू निवडला आहे. नाव कुरोमिझु. त्याचे पोस्टर देव्हाऱ्याशेजारी, तेही देवांहून मोठे! चेंडूला दांडक्याने बडवणाऱ्यात आदर्श तो काय असणार?
रविवारी इथे जपानातल्या ओजिमाच्या मराठी मंडळात ती स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हणून दाखवणार आहे, मग स्वतःच्या शब्दांत समजावणार आहे. उदाहरणाला जिवंत माणूस घ्यावा, असे मी सुचवले. घरातलाही चालेल, असेही. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. त्याचे फळ ऐकायला या, असे मंडळींना सांगून ठेवले आहे.

१४ मे
निश्चय केला. घरी कोणी नसताना पोस्टर काढले, कचऱ्याच्या पिशवीत घालून खाली ठेवले. चित्त प्रसन्न.

सायंकाळी
शेजारच्या नाकाता-सान दारात. कमरेत वाकून पोस्टर परत केले. सूनबाईंनी भाषांतर केले: आज प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा दिवस, कागदाचा शुक्रवारी. बाईंनी कुरोमिझुचे तोंडही पुसून आणले होते. कस्तुरी माझ्याकडे बघत जपानीत काही म्हणाली. त्याचे भाषांतर सूनबाई करीनात. मी रागावलो नाही. आवाज चढला, तो केवळ स्पष्टतेसाठी.

१६ मे, स्टेडियमहून परतल्यावर
खंडनाला पुरावा हवा, एवढ्याचसाठी मुलगा केदार आणि कस्तुरीबरोबर गेलो. ढोल, कर्णे, हजारो भक्त एका सुरात त्याच्या नावाचा गजर करतात. आणि हा? बॅट फिरवतो, चेंडू मागे. तीन वेळा आला, तीनही वेळा बाद. वा रे आदर्श!
शेवटच्या वेळी तर पंचाने बाद देऊन धडधडीत अन्याय केला. चेंडू बाहेरून गेला हे मला मोतीबिंदूसह दिसले. मी उभा राहून त्याला संस्कृतात सुनावले. कुरोमिझुने मात्र पंचाला मान लववली आणि बाकावर जाऊन पुढच्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवत बसला. नेभळट! केदार म्हणत होता, बाबा, बसा हो, लोक बघतायत. कस्तुरीने मान खाली घातली होती. माझ्या तेजाने भारावली असावी.

१८ मे
सभागृह भरलेले. उच्चार निर्दोष, ते माझेच. समजावण्याची वेळ आली, तसे मी उपरणे सारखे केले.
कस्तुरी म्हणाली, मी एक स्थितप्रज्ञ पाहिलाय. तो तीनदा आउट झाला, अंपायरही चुकला, तरी चिडला नाही, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आणि एकजण नुसता मॅच बघायला आला होता, तो मात्र केवढा चिडला! सभागृह खदखदून हसले. केदार सर्वांत मोठ्याने.
घरी विचारले, उदाहरणाला मी का नाही? ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला ते श्लोक येतात ना. त्याला फक्त तसं वागता येतं.
पोस्टरचा एक कोपरा सुटला होता. मी चिकटवला; भिंत वाईट दिसत होती, म्हणून.
हे कोणी वाचणार नाही. वाचलेच, तर त्या सर्वांचे कल्याण होवो, आणि पंच चुकला तरी त्यांचे चित्त शांत राहो.