हनुवटीवरची आग

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज पुन्हा रक्त. हनुवटीखाली, डाव्या बाजूला. घाईघाईत साबण चोळला, रेझर ओढला आणि बेसिनमध्ये लाल थेंब. कापूस दाबून धरला तरी थांबेना. दिवाळीची सुट्टी संपली, म्हणजे आता रोज सकाळी हे आलंच.

अकरा वाजेपर्यंत चेहरा तेलकट होतो. वर पुरळ, खाली आग. आज नकळत हनुवटीला हात लागला आणि तोच हात एका मुलाच्या दाखल्याला. डाग पडला. दाखला दुसरा लिहून दिला.

शाळेच्या ऑफिसात मास्क काढत नाही. धुळीची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलंय. नारपोलीत हे कुणालाही पटतं – गल्लोगल्ली यंत्रमाग, लूमचा कापूस सगळ्यांच्याच नाकात.

मे महिन्यात दोन केस होते. चिमट्याने उपटले. गणपतीत वीस-पंचवीस. आता मोजत नाही. एकोणतिसाव्या वर्षी बाईला दाढी येते, हे सांगायचं कुणाला? आईला सांगितलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लिंबू लावून पाहिलं. मूर्खपणा! डोळ्यांत पाणी आलं. मग साबणाने पाच वेळा तोंड धुतलं. तेल दुप्पट.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबांना कळलं.

कडी नीट लागली नव्हती. मला वाटलं ते पेपर आणायला गेलेत. दार ढकललं गेलं आणि आरशात ते दिसले – मी तोंडाला साबण फासून, रेझर हातात.  मग ते निघून गेले. वाटलं, इथेच जमीन फाटावी.

पाच मिनिटांनी परत आले. हातात गरम पाण्याचा तांब्या, खांद्यावर स्वच्छ पंचा, आणि त्यांचा दाढीचा ब्रश – उकळत्या पाण्यातून काढलेला.

"अगं आसा, असं कोरड्या कातडीवर ब्लेड ओढतात का? थांब जरा."

एवढंच. का, कधीपासून – काही विचारलं नाही. गरम पाण्यात पंचा पिळून माझ्या तोंडावर ठेवायला लावला. दोन मिनिटं घड्याळ लावून. मग स्वतःच्या गालावर फेस केला आणि शेजारी उभं राहून दाखवलं. आधी बोटं फिरवून बघायचं, केस कुठल्या बाजूला निजलेत. त्याच बाजूने जायचं. उलटं कधीच नाही. रेझर दाबायचा नाही. एका जागी दोनदा फिरवायचा नाही. प्रत्येक वेळी धुवायचा. माझा तो घासून घासून बोथट झालेला रेझर त्यांनी कचऱ्यात टाकला.

मग गार पाणी. पुसायचं नाही, टिपायचं. स्वतः तुरटी फिरवली, मला दिली नाही. म्हणाले, माझं कातडं राठ झालंय, तुझं नाही.

तलाठी ऑफिसात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. मला सायकल शिकवली, मोडी वाचायला शिकवली. आज हे शिकवलं, त्याच आवाजात. खोलीत जाऊन खूप रडले, पण दुःखाने नव्हे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज रक्त नाही. आग निम्मी. बाबा!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कापत नाही आता, पण जुने फोड पिकलेत. गळ्याकडे दोन – पू भरलेले. मास्कची कड नेमकी तिथेच घासते.

आमच्या शिपाई रूपा मावशी चहा घेऊन आल्या. त्या अंबाडी गावाच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यावरून रोज येतात. मास्क चिकटलेला त्यांना दिसला. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, तोंड दाव."

दाखवलं. काय करणार?

बोटाने हनुवटी वर केली. मग म्हणाल्या, "माझे आतेला मिशी हाय. ग्रामसभेत पुरुषांना गप करते ती. केसांची लाज न्हाय धरायची. पन ह्यो पू हाय ना, ह्यो डाक्तरला दाव."

हसायला आलं. कित्येक महिन्यांनी ऑफिसात हसले. डॉक्टरचं मात्र मनावर घेतलं नाही. फोड काय, जातील.

रविवार, २३ नोव्हेंबर

बाबांशी भांडले. लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी दोघं बेसिनपाशी होतो. ते माझ्या हनुवटीकडे बघत होते. म्हणाले, काल सकाळी केली होतीस ना? आज इतकी? माझीसुद्धा एवढ्या लवकर वाढत नाही. मेमध्ये काही नव्हतं तुझ्या चेहऱ्यावर. हे काही साधं वाटत नाही मला. डॉक्टरकडे जाऊ.

मी भडकले. सहा महिने लपवून ठेवलेलं आता डॉक्टरसमोर, नर्ससमोर उघडं करायचं? तोंडातून निघून गेलं – आई असती तर असं टक लावून बघत बसली नसती.

बाबांनी रेझर धुतला. पुसला. जागेवर ठेवला. मग म्हणाले,

"ती असती तर मला बोलावं लागलं नसतं. नाही आहे. म्हणून बोलतोय."

दुपारी जेवताना मी म्हटलं, मंगळवारी जाऊ. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकली. त्वचेच्या डॉक्टर बाई आहेत, हे बाबांनी आधीच विचारून ठेवलं होतं. स्वतः बाहेर बसले.

मास्क काढला. बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. किती बरं वाटलं! हातमोजे घालून जबडा, गळा तपासला. दाढी कशी करतेस विचारलं. सांगितलं. कुणी शिकवलं? म्हटलं, बाबांनी. त्या म्हणाल्या, बरोबर शिकवलंय, माझं निम्मं काम झालं.

दहा दिवस रेझर बंद. फोडांवर मलम. सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदाच – जास्त धुतलं की कातडी जास्त चिडते म्हणे. लिंबाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

मग बरेच प्रश्न. पाळी? चार महिने नाही – मला वाटलं, दगदग. आवाज बदललाय का? हो. परवा फोनवर शाळेतल्या प्राजक्ताला वाटलं घरात कुणी पाहुणा आलाय. बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. खात्री करून घेऊ, म्हणाल्या.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चार दिवसांची दाढी घेऊन शाळेत. वर मास्क. मलम लावल्यावर मास्कखाली उकडतं, चिकचिक होते. डब्याच्या वेळी प्राजक्तासमोर काढलाच. ती गणित शिकवते, माझी इथली एकुलती मैत्रीण, आणि सहा महिने तिच्याशीही खोटं बोलत आले.

 मी म्हटलं, ॲलर्जी नाहीये गं. हे आहे.

"आणि म्हणून तू माझ्यासोबत जेवणं सोडलंस?" तिचे डोळे भरले. "मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतःला लपवत होते आणि ती बिचारी स्वतःची चूक शोधत होती. मग दोघींनी तिच्या डब्यातली वालाची उसळ खाल्ली. बेल झाली तरी उठलो नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

फोड सुकले. लाली गेली. आज हनुवटीवर बोट फिरवलं – केस आहेत, पण आग नाही. आग नसणं हे एवढं मोठं सुख असतं! रूपा मावशींना दाखवलं. म्हणाल्या, आता कसं माणसासारखं तोंड झालं.

बाबा, मावशी, प्राजक्ता – तिघांचं, आणि डॉक्टर बाईंचं, किती देणं लागते मी. आणि कुणी साधे आभारही मानू देत नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन. रिपोर्ट आलेत, उद्या या. सोबत कुणालातरी आणा. बाबा म्हणाले, मी आहेच.

बुधवार, १७ डिसेंबर

तेरा दिवसांनी वही उघडली. बसलं की टाके ओढतात, म्हणून थोडंच.

डाव्या बीजकोशात, ओव्हरीत, गाठ होती. पुरुषी हार्मोन तयार करत होती ती; केस, तेल, आवाज – सगळं तिचंच. गेल्या बुधवारी काढली. कर्करोगाचीच होती. रिपोर्ट आज आला – गाठीबाहेर कुठेही पसरलेली नाही. सर्जन म्हणाले, पोटात दुखेपर्यंत थांबली असतीस तर आपण हे बोलत बसलो नसतो.

बाबा खिडकीपाशी बसून तो कागद वाचतायत. तिसऱ्यांदा.