कारबुरेटरचा कान

मावला, आदिलाबाद
ता. २० ऑगस्ट १९५६

ती. भागाअक्कास,
लहान भाऊ यशवंता याचा शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन कार्डं येऊन पडली आणि मी एकाचंही उत्तर धाडलं नाही, याची माफी कर. लिहायला बसायचो आणि तुला काय सांगावं ते सुचायचं नाही. आता सांगतोच. मोटार बंद पडली आहे.

वकीलसाहेब हैदराबादला गेले तेव्हा त्यांनी ती माझ्या हवाली केली. वीस वर्षं मीच चालवली होती, म्हणून. तेव्हापासून तिनं मला कधी दगा दिला नाही. आता मात्र कारबुरेटरचा कान तुटला. कारबुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं. ते दोन कानांनी इंजिनाला बोल्टानं जखडलेलं असतं. त्यातला एक कान मोडला, फटीतून हवा शिरते, आणि इंजिन दोन उचक्या देऊन गप्प होतं. भांडं जस्ताच्या ओतीव धातूचं आहे, वीस वर्षांत खडूसारखं ठिसूळ झालं. असा भाग आता कुठं मिळत नाही. कान कशानं मोडला ते कळत नाही. जुनी वस्तू आहे.

तुझ्या कमरेला बैलगाडीचे हिसके सोसत नाहीत, बस तुझ्या गावापासून तीन कोस लांब. म्हणून तर दसऱ्याच्या सुमारास मोटार घेऊन येतो आणि तुला कायमची मावल्याला आणतो, असा शब्द दिला होता. त्यात कचेरीतले पेशकार सांगतात की नोव्हेंबरच्या एक तारखेपासून तुमचा किनवट तालुका मुंबई राज्यात जाईल आणि आपण आंध्रात. मधे नाका बसेल का, तिकडं मोटार न्यायला परवाना लागेल का, हे त्यांना विचारलं तर ते हसतात. मला काही हसू येत नाही.

तुझी भावजय कौशल्या नमस्कार सांगते. तिनं तुझ्यासाठी उगवतीची खोली सारवून ठेवली आहे. माझ्यावर रागावू नको.

तुझा,
यशवंता


पिंपरी, ता. किनवट
ता. ५ सप्टेंबर १९५६

चि. यशवंतास,
भागाअक्काचे अ. उ. आ.

काल पोळा झाला. ओसरीवर बसून सगळे बैल पाहिले, तुझी मोटार तेवढी दिसली नाही.

कान कशानं मोडला ते तुला कळत नाही म्हणतोस, मला इथं बसून कळलं. तू पाना घेऊन रोज सकाळी तो बोल्ट आवळत असशील. माझ्या लग्नात पेटीला तू असा दोर आवळलास की सासरी विळ्यानं कापावा लागला, आणि आतल्या लुगड्याचा काठही गेला. सासूबाई मरेपर्यंत त्यावरून बोलत होत्या. खरं काय ते पुढच्या पत्रात लिही.

आता कामाचं. माझ्या चिंतामणीला बदलीचा हुकूम आला. सरकारी नोकरांच्या वाटणीत त्याचं नाव मुंबईकडे पडलं, औरंगाबादच्या कचेरीत जायचं आहे. दिवाळीच्या आधी बिऱ्हाड हलवतो आणि तुलाही नेतो, म्हणून राह्यला. मी त्याला अजून हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. तू लवकर काय ते कर.

जैनूरच्या बाजूला ओझा लोक आहेत, गोंडांचे दिवे आणि घुंगरं ओतणारे. त्यांतली मथुराबाई केसलापूरच्या जत्रेत बसते. माझ्या दिव्याची दांडी तुटली तेव्हा तिनं अशी ओतून दिली की जोड दिसत नाही. तिला काऊन विचारत नाहीस? तिनं मोटार पाहिली नसेल, पण मोडलेली वस्तू तर पाहिली आहे.

कौशल्येला सांग, उगवतीची खोली नको, ऊन फार येतं. नातवंडांना पापे.

तुझी,
अक्का


मावला
ता. २४ सप्टेंबर १९५६

ती. अक्कास,
यशवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं आहे. मीच आवळला. रोज नाही, दोन दिवसांआड. हवा शिरत असेल अशी भीती वाटायची. एका सकाळी जरा जास्त जोर लागला आणि कट्‌ असा आवाज झाला. हे कौशल्येलाही सांगितलं नव्हतं. तिनं तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली, आवाज तिनं चुलीपाशी ऐकला होता.

आधी कल्हईवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, पितळेचा डाग देऊन कान चिकटवतो. मी भांडं हातात धरून ठेवलं आणि त्याला आधी पारखून पाहायला नुसता तुटका कान दिला, एवढी अक्कल देवानं दिली. त्यानं भाता मारला, आणि डाग वितळायच्या आत कानच वितळला. बोराएवढा गोळा घेऊन घरी आलो. त्या दिवशी जेवलो नाही.

मग कापसाच्या लॉरीत बसून जैनूर गाठलं. मथुराबाई माझ्याहून म्हातारी आहे. तिनं भांडं हातात घेऊन फिरवलं, कानाला लावलं, आणि विचारलं की याला भूक कशाची लागते. मी म्हटलं, पेट्रोल. ती म्हणाली, मग याला आगीजवळ न्यायचं नाही. कान तुटला तिथं हात न लावता भांड्याच्या गळ्यात घालायला पितळेचं कडं करू, कान कड्यालाच ठेवू. हे मला, वीस वर्षं मोटार चालवणाऱ्या डायव्हरला, सुचलं नव्हतं. माप म्हणून तिनं सुताचा दोरा गळ्याभोवती घेऊन धर म्हटलं. मी धरला. तिनं मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळले, वर चिखल लिंपला, भट्टीत मेण वाहून गेलं आणि त्या जागी पितळ ओतलं. दोन दिवस मी तिच्या अंगणात बसून होतो.

कडं निघालं ते गळ्यात जाईना. पितळ निवताना आखडतं, तिनं ते धरून मेण थोडं मोठं केलं होतं. पण दोराच मी ओढून धरला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिची सून पदराआड हसायला लागली. मी कानशीनं घासतो म्हटलं तर मथुराबाईनं भांडं माझ्याकडून काढून घेतलं. आता पुन्हा करणार आहे, माप तिनं स्वतः घेतलं. आठ दिवसांनी बोलावलं आहे.

दोन कान आणि दोन भोकं एवढंच पाहिजे असं तीनदा बजावलं. पण तिच्या घरची रीत अशी की कोरी वस्तू भट्टीतून बाहेर काढत नाहीत, काहीतरी नक्षी उठवतातच. इंजिनात नक्षी कशाला? बोल्ट नीट बसेल ना, याचा घोर लागला आहे.

चिंतामणीला अजून काही सांगू नको. तुझा लोभ आहे म्हणून धीर आहे.

तुझा,
यशवंता


पिंपरी
ता. ४ ऑक्टोबर १९५६

चि. यशवंतास,
अक्काचे अ. उ. आ.

चिंतामणी येऊन गेला. न सांगता कसं जमेल, पोटचा पोरगा आहे. मामा येणार म्हटल्यावर त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, मामाची मोटार अजायबघरात ठेवायची आहे, आईला त्यात काऊन बसवता? अठ्ठावीस तारखेला कचेरीची जीप घेऊन येतो म्हणाला. चारुलतानं निरोप धाडला आहे की सासूबाई आल्या तर तिला बरं वाटेल. सून चांगली आहे, हे तुला माहीत आहे. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, पायऱ्या बावीस. त्यानं मोजून आणल्या आणि म्हणाला, रोज उचलून नेईन.

गावात गंमत चालली आहे. कोणी म्हणतं आधी जीप येईल, कोणी म्हणतं मोटार. मीही सांगून टाकलं, जो आधी येईल त्याच्या मागं बसेन. सगळे हसले.

पण यशवंता, तुला म्हणून लिहिते. तू मला न्यायला धडपडून राह्यला, तो मला न्यायला धडपडून राह्यला. या वयात दोन घरं ओढतात, हे भाग्यच. पण तुला कुठं राहायचं आहे, असं दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. खोली सारवून झाली, पायऱ्या मोजून झाल्या.

मथुराबाईला माझी ओळख सांग. नक्षी असू दे. आत कोणी पाहत नाही म्हणून नक्षी काही वाईट होत नाही.

तुझी,
अक्का


मावला
ता. १५ ऑक्टोबर १९५६

ती. अक्कास,
यशवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा कौशल्येनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहत बसली.

कडं आलं. गळ्यात असं बसलं की वेगळं वाटत नाही. भोवती मोरांची रांग आहे, सात मोर, ज्वारीच्या दाण्याहून जरासे मोठे. बोल्ट मी लावले आणि पाना कौशल्येच्या हाती दिला. तिनं मला लागेल तेवढंच फिरवू दिलं आणि पाना घेऊन आत गेली. इंजिन पहिल्याच हिसक्याला लागलं. काल दसऱ्याला झेंडूचा हार घालून तलमडुगुपर्यंत जाऊन आलो. वाटेत दोनदा थांबून पाहिलं. हवा शिरत नाही, पेट्रोल गळत नाही. तिसऱ्यांदा थांबलो नाही.

अक्का, गुरुवारी पंचवीस तारखेला मी येतो. चिंतामणीच्या आधी पोचायचं म्हणून ही तारीख धरली होती, ते कबूल करतो. आता त्यालाही आज कार्ड टाकलं आहे की तूही पंचविसालाच ये, मामाच्या पंगतीला बस.

मागची गादी मी नवा कापूस भरून मऊ केली आहे, तुझ्या कमरेसाठी. त्या गादीवर बसून मावल्याला येशील तर खोली मावळतीची तयार आहे, त्या बाजूला चिंचेची सावली आहे, ऊन लागत नाही. चिंतामणीकडे जायचं मन असेल तर त्या जीपमध्ये हिसके खात जाऊ नको. तुला, त्याला आणि चारुलताला मी नांदेडच्या स्टेशनापर्यंत पोचवीन, सामान जीपमधून येईल. मोटार दोन्हीकडे जाते. औरंगाबादेत करमलं नाही तर कळव, नाका असो की नसो, मी येईन.

हे लिहायला मला सोपं गेलं नाही. तू इथं यावीस हे माझ्या मनात आहे, ते लपवत नाही.

पण आता विचारतो. अक्का, तुला कुठं राहायचं आहे? एका ओळीचं कार्ड पुरे. पंचवीसच्या आत मिळेल असं, वाट न पाहायला लावता, लवकर धाड.

तुझा,
यशवंता