पुरं नाव

रिहे,
३० जुलै १९७८

तीर्थरूप हैबतदादास,
रत्नाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळी खुशाल आहोत. भाताची लावणी उरकली. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत?

दादा, आधी ऐक, मग राग धर. मी बालवाडीची बाई झाले! परवा पौडला मुलाखत झाली आणि साहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, पंचमी झाली की रुजू व्हा. येताना एसटीत मला हसू आवरेना. शेजारची बाई घाबरून सरकून बसली.

गेल्या वर्षीची मुलाखत तुला आठवत असेलच. साहेबांनी पूर्ण नाव विचारलं आणि माझी दातखीळ बसली. परक्या पुरुषांसमोर, त्यात तुझ्यादेखत, ह्यांचं नाव घ्यायचं कसं? तू चटकन माझं नाव सांगितलंस, मग शिक्षण, मग गावही. साहेब हसून म्हणाले, "मग बालवाडी तुम्हीच चालवा." घरी येऊन मी ठरवून टाकलं, हे आपलं काम नव्हे.

यंदा लावणीला मी सासूबाईंच्या शेजारी होते. मागं सरत सरत रोपं लावायची, आणि मी सारखी वळून बघायची, अजून केवढं राहिलंय! माझी ओळ वाकडी ती वाकडीच. सासूबाई कडाडल्या, "सारकं मागं काय बघतीस? म्होरं बघ की, किती लावलंस त्ये! ऱ्हायलेलं कुटं पळून जातंय व्हय?"

बघितलं, तर अर्धं खाचर हिरवंगार! ते मी केलंय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हापासून 'फजिती होणार' असं मनात आलं, की मी झालेली कामं आठवते. सातवी पास झाले. आळीतल्या पोरांना पडवीत बाराखडी शिकवली. पौडला मुलाखतीआधीही हीच कामं आठवली. नाव विचारल्यावर कान तापले, पण घडाघडा सांगितलं, ह्यांच्या नावासकट! उखाणा तेवढा घ्यायचा राहिला. गाणं म्हणा म्हणाले, तेही म्हटलं.

आता रागाचं. तारीख तुला मुद्दाम कळवली नाही. तू आला असतास तर मायेनं माझ्याआधी बोलला असतास, आणि मी बोलू दिलं असतं. लहानपणापासून तसंच चाललंय. दादा, इथून पुढं मला बोलू दे.

पंचमीला एकटीनं माहेरी यायची आता भीती वाटत नाही. तरी तू न्यायला ये. मी वाट बघतेय.

खाली पहिल्यांदाच पुरी सही करतेय, हसू नकोस.

तुझीच धाकटी बहीण,
रत्नाबाई कोंडाजी मिंदे